लॅपटॉपवरचे ४.४ गिगाहर्ट्झ नेमके कधी मिळतात?

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४.४ गिगाहर्ट्झपर्यंत’ असं छापलेलं असतं. त्यातला आकडा सगळे वाचतात, ‘पर्यंत’ कोणी वाचत नाही. मग कधीतरी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला जातो. तिथे बेस स्पीड (मूळ वेग) १.३० गिगाहर्ट्झ दिसतो, त्याशेजारचा चालू वेगाचा आकडा २.८, ४.१, ३.३ असा उड्या मारत असतो, आणि व्हिडिओ एक्सपोर्टसारखं मोठं काम लावलं की काही सेकंदांत खाली येऊन बसतो. ‘लॅपटॉप बिघडला का?’ हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. प्रोसेसरचा वेग आज ठरावीक असा राहिलेलाच नाही. तो दर क्षणी वीज, उष्णता आणि काम यांचा हिशेब करून ठरतो. इंटेल याला टर्बो बूस्ट म्हणते, एएमडी प्रिसिजन बूस्ट म्हणते. नावं वेगळी, मूळ कल्पना एकच.

वेग वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

प्रोसेसरला एक मूळ ठोका मिळतो. सध्याच्या इंटेल प्रोसेसरांत तो १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्याला गुणक लावला की वेग निघतो: गुणक १३ असेल तर १.३ गिगाहर्ट्झ, ४४ असेल तर ४.४. म्हणजे वेग वाढवणं हे वरवर पाहता गुणक बदलण्याइतकं सोपं.

अडचण व्होल्टेजची आहे. ठोका जलद झाला की प्रत्येक ट्रान्झिस्टरला, म्हणजे चिपमधल्या सूक्ष्म स्विचला, आपली अवस्था बदलायला वेळ कमी मिळतो. तेवढ्या वेळात काम उरकायचं तर व्होल्टेज वाढवावं लागतं. आणि खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते तशी व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. उदाहरणादाखल आकडे घेऊ: २.४ गिगाहर्ट्झला ०.८ व्होल्ट लागतात आणि ४.४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट. वेग १.८३ पट झाला. व्होल्टेज दीडपट, त्याचा वर्ग २.२५. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज ४.१ पटींहून थोडी जास्तच. वेग दुपटीलाही पोचला नाही आणि उष्णता चौपट झाली. शिवाय चिप तापली की तिच्यातून नुसतीच गळणारी वीजही वाढते, ती वेगळीच.

लॅपटॉपमधलं बाकी सगळं या एका गुणाकारावरून समजतं. शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ फार महाग असतात, आणि ते जाताना फारसं नुकसानही होत नाही. लोक मात्र त्यांच्याच नावाने खडे फोडतात.

आधी रिकाम्या कोअरचा फायदा, मग वेळेचा

इंटेलने टर्बो बूस्ट नोव्हेंबर २००८ मध्ये नेहालेम पिढीच्या कोअर आय७ बरोबर आणलं. २००९ मध्ये ते लॅपटॉपमध्ये आलं. त्या वेळची युक्ती सरळ होती. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. चार कोअरपैकी तीन झोपलेले असतील तर त्यांच्या वाट्याची वीज चौथ्याला द्यायची. आय७-७२०क्यूएम हा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ. चारही कोअर कामाला लागले तर तो जेमतेम १.७३ पर्यंत जायचा, दोनच चालू असतील तर २.४, आणि एकटा कोअर असेल तर २.८. तेव्हा मूळ ठोका १३३ मेगाहर्ट्झचा होता, म्हणून आकडे असे तुटक दिसतात.

झोपलेला कोअर म्हणजे खरोखर झोपलेला. गाढ झोपेच्या अवस्थेत त्याचा वीजपुरवठा जवळपास तोडलेला असतो. म्हणून पार्श्वभूमीला दहा प्रोग्राम सतत कोअरना जागं करत असतील तर एका कोअरचा सर्वोच्च वेग मिळणं अवघड होतं, जरी ‘सीपीयू वापर’ फक्त ६-७ टक्के दिसत असला तरी.

जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीबरोबर टर्बो बूस्ट २.० आलं आणि खरा बदल तिथे झाला. अभियंत्यांनी साधी गोष्ट हेरली: चिप जास्त वीज खाऊ लागली तरी तिच्यावरचं तांबं, हीट पाइप (उष्णता वाहून नेणारी नळी) आणि जाळी लगेच तापत नाहीत. थंड धातूला तापायला काही सेकंद लागतात. मग तेवढे सेकंद ठरलेल्या वॅटपेक्षा जास्त वीज खाल्ली तर बिघडलं कुठे? माणसाचं लॅपटॉपवरचं काम बहुतेक वेळा असंच तुकड्यातुकड्यांचं असतं. पान उघडा, फाइल सेव्ह करा, प्रोग्राम सुरू करा. एक-दोन सेकंद जोर लावला की काम संपतं आणि प्रोसेसर पुन्हा झोपतो.

पीएल१, पीएल२ आणि टाऊ

ही उधारी मोजायला तीन आकडे वापरतात. पीएल१ म्हणजे कितीही वेळ चालेल अशी वीजमर्यादा. पीएल२ म्हणजे थोड्या वेळापुरती वरची मर्यादा. आणि टाऊ हा वेळेचा आकडा, तो सेकंदांत असतो. कोअर आय५-१२३५यू साठी इंटेलचे जाहीर आकडे १५ वॅट आणि ५५ वॅट आहेत. आय५-१२४०पी साठी २८ आणि ६४, आय७-१२७००एच साठी ४५ आणि ११५. टाऊ अनेक लॅपटॉपवर २८ सेकंद असतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. टाऊ २८ आहे म्हणजे टर्बो २८ सेकंद चालतो, असं नाही. प्रोसेसर आपल्या वीजवापराची चालती सरासरी ठेवतो. ताज्या क्षणांना जास्त वजन, जुन्यांना कमी. ही सरासरी पीएल१ च्या खाली आहे तोवर पीएल२ पर्यंत जायची मुभा. सरासरी पीएल१ ला टेकली की मुभा संपली. टाऊ फक्त ती सरासरी किती सावकाश हलते ते ठरवतो.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. पीएल१ १५ वॅट, पीएल२ ५५ वॅट, टाऊ २८ सेकंद. लॅपटॉप निवांत होता, सरासरी ३ वॅट. आता सगळे कोअर कामाला लागले आणि चिप सलग ५५ वॅट खाऊ लागली. सरासरी १५ ला पोचायला लागतात साधारण ७ सेकंद. अठ्ठावीस नाहीत. तेच काम ३० वॅटमध्येच भागत असेल तर साधारण १६ सेकंद मिळतात. आणि आधीच व्हिडिओ कॉल चालू असल्याने सरासरी १० वॅटवर असेल, तर ५५ वॅटची चैन तीन-साडेतीन सेकंदांची.

उलट बाजूही तितकीच खरी. एकाच कोअरवर चालणारं काम १२ वॅटमध्ये भागत असेल तर सरासरी १५ पर्यंत कधी पोचतच नाही. तो कोअर तासभरही वरच्या वेगाने चालू शकतो, तापमानाने अडवलं नाही तर. म्हणून ‘टर्बो थोडाच वेळ टिकतो’ हे वाक्य अर्धवट आहे. तो जास्त वीज खाणाऱ्या कामात थोडाच वेळ टिकतो.

हुकूम कोणाचा?

प्रोसेसरच्या आतच एक छोटा नियंत्रक बसवलेला असतो. त्याचं काम एवढंच. साधारण दर मिलिसेकंदाला तो तापमान, खर्च झालेली वीज, घेतलेला करंट आणि जागे असलेले कोअर पाहतो आणि नवा गुणक ठरवतो. वेग वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज चढवतो, मग ठोका. उतरवताना उलट: आधी ठोका, मग व्होल्टेज. क्रम चुकला तर तेवढ्या क्षणापुरता ट्रान्झिस्टरना व्होल्टेज अपुरं पडेल आणि मशीन जागच्या जागी अडकेल.

पूर्वी किती वेग हवा हे ऑपरेटिंग सिस्टिम सांगायची, आणि तिला ते कळायला कित्येक मिलिसेकंद लागायचे. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलने स्पीड शिफ्ट आणलं. आता विंडोज फक्त कल सांगतं, म्हणजे वीज वाचवायची की जोर लावायचा, आणि प्रत्यक्ष निर्णय हा नियंत्रक घेतो. कल सांगायचा आकडा ० ते २५५ असतो. ० म्हणजे पूर्ण जोर. सेटिंग्जमधला ‘पॉवर मोड’ बदलला की पडद्यामागे मुख्यतः हाच आकडा बदलतो. गिगाहर्ट्झची कमाल मर्यादा त्याने वाढत नाही, वर चढण्याची तत्परता वाढते.

एएमडीचे रायझेन प्रोसेसर २०१७ पासून २५ मेगाहर्ट्झच्या बारीक पायऱ्यांनी चढतात. इंटेलची पायरी १०० ची. किती कोअर चालू असताना किती वेग, असा ठरीव तक्ता एएमडी वापरत नाही. वीज, करंट आणि तापमान यांपैकी जी मर्यादा आधी आडवी येईल तिथे वेग थांबतो.

त्याच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप, दोन वेगळे वेग

पीएल१ आणि पीएल२ हे दगडावरचे आकडे नाहीत. लॅपटॉप बनवणारी कंपनी ते बायोसमधून (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) बदलते, आणि बहुतेक कंपन्या बदलतातच. पातळ, एका फॅनच्या मशीनमध्ये १५ वॅटचा चिप १५ वरच ठेवतात. जाड मशीनमध्ये, दोन हीट पाइप असतील तर तोच चिप २५ किंवा २८ वॅटवर सलग चालवतात. लांबलचक कामात दुसरा लॅपटॉप ठळकपणे पुढे जातो. माहितीपत्रकात मात्र दोघांवर ‘४.४ गिगाहर्ट्झपर्यंत’ हेच.

त्यावर आणखी एक थर असतो: बाहेरच्या कव्हरचं तापमान. मांडीवर ठेवायची वस्तू ५० अंशांवर जाऊन चालत नाही. म्हणून कीबोर्डखालच्या सेन्सरवर लक्ष ठेवून कंपनीचं सॉफ्टवेअर काम चालू असतानाच पीएल१ खाली ओढतं. चिप ७५ अंशांवर मजेत आहे, फॅन शांत आहे, आणि तरी दहा मिनिटांनी वेग उतरला, असं दिसलं तर बहुधा हेच कारण. ‘शांत’, ‘समतोल’, ‘परफॉर्मन्स’ असे जे मोड कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा एफएन बटणावर असतात, ते हेच वॅट आणि फॅनचा वेग बदलतात. विंडोजच्या ‘पॉवर मोड’पेक्षा त्यांचा परिणाम बऱ्याचदा मोठा असतो. लोक विंडोजमध्ये शोधत बसतात आणि खरी कळ कीबोर्डवर असते.

मोजून पाहण्याची पद्धत

टास्क मॅनेजर पुरेसा नाही. तो सगळ्या कोअरची सरासरी सेकंदाला एकदा दाखवतो. अर्ध्या सेकंदाची उसळी त्यात विरून जाते. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात फक्त सेन्सर उघडा. चार ओळी बघायच्या: पॅकेज पॉवर, पॅकेज तापमान, कोअरचे वेग, आणि पीएल१ ची ‘डायनॅमिक’ मर्यादा.

चार्जर लावा, परफॉर्मन्स मोड निवडा, लॅपटॉप टणक सपाट पृष्ठभागावर ठेवा, दहा मिनिटं निवांत सोडा. मग सिनेबेंच या प्रोसेसरची क्षमता मोजणाऱ्या प्रोग्रामची सर्व कोअरची चाचणी दहा मिनिटं लावा आणि पाचव्या सेकंदाला, चाळिसाव्या सेकंदाला व दहाव्या मिनिटाला हे चारही आकडे लिहून ठेवा.

पाचव्या सेकंदाला ४५ वॅट, चाळिसाव्याला १५ वॅट आणि तापमान ७० च्या आसपास? मशीन जसं बनवलंय तसंच चाललंय. पंखा साफ करून, थर्मल पेस्ट (चिप आणि हीट पाइप यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून इथे एक मेगाहर्ट्झही वाढणार नाही, कारण अडसर उष्णतेचा नाहीच.

तापमान सतत ९५-१०० आणि वीज मात्र पीएल१ च्याही खाली, म्हणजे १५ च्या जागी ११ वॅट? हा आजार. उष्णता बाहेर पडत नाहीये. नुसतं १०० अंश दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. बऱ्याच इंटेल लॅपटॉप चिपची मर्यादाच १०० अंश असते, आणि पहिल्या काही सेकंदांत तिथे पोचणं नेहमीचं आहे. कमी वॅट खाऊनही तिथे पोचणं हे लक्षण.

तिसरा प्रकार सगळ्यात चमत्कारिक. तापमान ४५, काम शंभर टक्के, आणि वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलेला. माउसही अडखळत चालतो. प्रोसेसरला एक ‘फार तापलंय’ असं सांगणारी तार असते, प्रॉचहॉट नावाची. ती चिप स्वतः ओढते तशी मदरबोर्डही ओढू शकतो, आणि बोर्डाला इतरही कारणं असतात. पहिला संशय चार्जरवर घ्यायचा. काही गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन ‘मी इतक्या वॅटचा’ अशी ओळख सांगते. ती वाकली किंवा वायर आतून तुटली की चार्जिंग चालू दिसतं, पण बोर्ड चार्जरला ओळखत नाही आणि प्रोसेसरला सर्वात खालच्या वेगावर दाबून ठेवतो. यूएसबी-सी लॅपटॉपला फोनचा २०-२५ वॅटचा चार्जर लावल्यावरही असंच काहीसं होऊ शकतं. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. वेग परत आला तर चोर सापडला. नाही आला तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. तरीही तसंच असेल तर फुगलेली बॅटरी किंवा बोर्डावरचा सेन्सर, आणि मग काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

बॅटरीवर वेग का पडतो

बॅटरी एका वेळी किती करंट देऊ शकते याला मर्यादा असते. जुनी झाली की आतला रोध वाढतो आणि अचानक मोठा करंट ओढला की तिचं व्होल्टेज कोसळतं. म्हणून बॅटरीवर असताना कंपन्या पीएल२ कमी ठेवतात, आणि चार्ज बराच उतरला की आणखी कमी करतात. याची दुसरी बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते: चार्जर लावलेला असतानाही बॅटरी मदतीला येते. ४५ वॅटचा चार्जर आणि ५५ वॅटचा टर्बो, त्यात स्क्रीन आणि एसएसडी. वरचे वॅट त्या काही सेकंदांपुरते बॅटरी भरून काढते. बॅटरी मेलेली असेल किंवा काढून ठेवली असेल तर ही उसळी गायब होते आणि कित्येक मॉडेल सरळ खालच्या वेगावर चालतात. ‘बॅटरी गेलीये पण मी चार्जरवरच वापरतो, काय फरक पडतो’ याचं उत्तर हे.

उष्णता अडकली असेल तर

फॅन आणि तांब्याची जाळी यांच्या मध्ये धुळीचा नमदा तयार होतो. बाहेरून हवा मारली तर तो फक्त मागे ढकलला जातो. तळाचं कव्हर उघडून, आधी बॅटरीचा कनेक्टर काढून, फॅनचं पातं बोटाने किंवा काडीने धरून मगच हवा मारायची. पातं मोकळं सोडलं तर ते हवेच्या झोताने भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. नमदा चिमट्याने उचलून काढावा लागतो.

थर्मल पेस्टचा प्रश्न लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपपेक्षा लवकर येतो. इथे चिपवर धातूचं झाकण नसतं, हीट पाइपचा तुकडा थेट सिलिकॉनवर बसतो. तापण्या-निवण्याच्या चक्रात पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते. बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिपचा पूर्ण पृष्ठभाग झाकेल इतपत नवी लावा, आणि स्क्रू त्यांच्या शेजारी छापलेल्या १-२-३-४ क्रमाने, थोडेथोडे करून आवळा. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला तर हीट पाइप तिरका बसतो, एक कोअर बाकीच्यांपेक्षा १० अंश जास्त तापलेला दिसतो, आणि सिलिकॉनचा कोपरा तुटायची भीती असते. शेजारच्या चिपांवरचे मऊ थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे लावायचे. त्या फटीत पेस्ट भरून भागत नाही.

व्होल्टेज थोडं कमी करून तीच गती कमी वॅटमध्ये मिळवण्याची युक्ती पूर्वी सहज चालायची. डिसेंबर २०१९ मध्ये व्होल्टेज बदलण्याच्या याच सोयीचा गैरवापर करणारा प्लंडरव्होल्ट हा सुरक्षा-दोष जाहीर झाला, आणि त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती कळ बंद केली गेली. थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरच्या सेटिंग्ज बदलायच्या प्रोग्राममध्ये व्होल्टेजचा भाग ‘लॉक्ड’ दिसत असेल तर कारण हे.

टर्बो बंद करावा का?

करता येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची प्रगत सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथे ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ करायचं. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण विंडोजच्या लेखी १०० च्या खालचं काहीही म्हणजे टर्बो नको. काही नव्या मशीनवर ही ओळ लपवलेली असते.

आवाज नको म्हणून किंवा मांडी भाजते म्हणून हा उपाय सर्रास सुचवला जातो, पण तो आंधळेपणाने लावू नये. आय७-१२७००एच वर टर्बो गेला तर मोठे कोअर (या चिपांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात) २.३ गिगाहर्ट्झवर येतात, रोजच्या कामाला ते चालून जातं. आय५-१२३५यू वर ते १.३ वर येतात आणि साधं ब्राउझरही जड वाटू लागतं. वीज वाचेल याचीही खात्री नाही: काम झटपट उरकून झोपणारा प्रोसेसर पुष्कळदा रेंगाळत काम करणाऱ्यापेक्षा कमी ऊर्जा खातो, कारण तेवढा वेळ बाकीची यंत्रणाही जागी राहते. फॅनचा त्रास कमी करायचा असेल तर कंपनीचा ‘शांत’ मोड बरा. तो वॅट छाटतो, पण एका कोअरची छोटी उसळी शाबूत ठेवतो.

नवा लॅपटॉप निवडताना गिगाहर्ट्झ सोडून दोन आकडे शोधा: दहा मिनिटांच्या भारानंतर प्रोसेसर किती वॅटवर टिकतो, आणि तेव्हा फॅनचा आवाज किती. सविस्तर परीक्षणांत वॅटचा आलेख असतो. सुरुवातीला एक उंच सुळका आणि मग सपाट रेघ. लांब चालणाऱ्या कामाला ती सपाट रेघ किती उंचीवर आहे ते पाहायचं, आणि पानं-फाइली उघडण्याच्या कामाला सुळका.